बारा ओळी आणि शंभर रुपये

रविवारी सकाळी सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी एक जुनी चादर अंथरते आणि गल्लीतली आठ-दहा पोरं चित्रांची पुस्तकं घेऊन बसतात. एकदा एका मुलीचे वडील तिला न्यायला आले. रात्रपाळी करून थेट आले असावेत, शर्टाला सुताचे तुकडे चिकटलेले. लेकीच्या हातातलं पुस्तक त्यांनी चाळलं, मागची किंमत बघितली आणि म्हणाले, “काकू, मोजून बारा ओळी आहेत की हो ह्यात. बारा ओळीला शंभर रुपये?”

माणूस मागावर काम करणारा. किती सुतात किती कापड, हा हिशेब बोटांवर. प्रश्न गैर नव्हताच. मी तेव्हा “चित्रं छान आहेत ना” असलं काहीतरी पुळचट उत्तर दिलं. नंतर आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला, कारण चित्रं छान असणं हे त्याचं उत्तर नाहीच. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द मुद्दाम गाळलेले असतात, आणि जे गाळलंय त्याचेच पैसे आपण मोजतो.

हे कसं, ते बघायला एक पान मनातच तयार करू. डावीकडे एकच ओळ: ‘आजोबा म्हणाले, माझी चादर कुणी नेली कोण जाणे!’ उजवीकडे चित्र. आजोबा खाटेखाली वाकून बघतायत, चष्मा कपाळावर. आणि पार उजव्या कडेला, दाराच्या चौकटीत, एक इवलीशी शेपटी आणि घसटत चाललेलं चादरीचं टोक.

ओळीत कुत्र्याचं नाव नाही. आजोबांना पत्ता नाही, गोष्ट सांगणाऱ्यालाही जणू पत्ता नाही. पत्ता आहे तो फक्त समोर बसलेल्या चार वर्षांच्या पोरीला. ती ओरडते, “भूभूनं नेली! तिथं बघा की!” दिवसभर घरात जिला ‘तुला काय कळतं’ हे ऐकून घ्यावं लागतं, तिला या पानावर आजोबांपेक्षा जास्त कळतं.

आता फक्त ओळ बदलू: ‘कुत्र्याच्या पिल्लानं आजोबांची चादर दारातून ओढत नेली.’ चित्र तेच. शब्द वाढले, माहितीही वाढली, आणि पोरीला करायला काही उरलं नाही. ती चित्राकडे एकदा बघेल आणि म्हणेल, पुढं?

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत फरक आहे तो हाच. सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांत पूर्ण असते, चित्र सोबतीला येतं. चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र दोघंही अर्धवट असतात. दुकानात ओळखायचं असेल तर चित्रावर हात ठेवून ओळी वाचा. गोष्ट पूर्ण कळली तर ते सचित्र पुस्तक, काहीतरी निसटल्यासारखं वाटलं तर चित्रपुस्तक. सचित्र पुस्तक वाईट असं मी म्हणत नाही. मी स्वतः त्यांच्यावरच वाढले. पण त्याचं काम वेगळं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं वाचताना ही शब्द-चित्रांची वाटणी चोख वाटते, त्याचं एक कारण उघड आहे: बहुतेक ठिकाणी लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच. शब्दानं कुठं गप्प बसायचं ते त्या हाताला आधीच माहीत असतं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायची कल्पना तशी जुनी आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाचं लॅटिन आणि जर्मन भाषेतलं एक चित्रमय पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली त्या आकड्यांपुढे नावं. आपल्या घराघरांतल्या भिंतीवरचा ‘अ अननसाचा’ तक्ता त्याच्याच कुळातला. पण त्यात चित्राचं काम शब्दाला दुजोरा देणं एवढंच. मला विचाराल तर आजच्या चित्रपुस्तकाच्या जास्त जवळची गोष्ट आपल्याच राज्यात आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथी सादर करतात. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि कथा तोंडानं गात सांगायची. ऐकणाऱ्याच्या हातात मजकूर नाहीच. कान गोष्टीवर, डोळे चित्रावर.

मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचता तेव्हा नेमकं हेच चालू असतं. “नुसती चित्रंच बघतो हो, अक्षरांकडे ढुंकून बघत नाही,” अशी तक्रार मी नेहमी ऐकते. कॅनडातल्या दोन संशोधकांनी मुलांना गोष्ट वाचून दाखवली जात असताना त्यांची नजर पानावर कुठं जाते ते यंत्रानं मोजलं होतं. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. अजून शाळेत जायला न लागलेली ती मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्राकडेच बघत होती. म्हणजे तुमचं पोरगं जगावेगळं काही करत नाही. शब्द त्याला तुमच्या आवाजातून मिळतायत, मग डोळे त्याच जागी कशाला खर्च करायचे? अधूनमधून पुस्तकाच्या नावाखालून बोट फिरवलंत तर अक्षरं म्हणजे काहीतरी आहे हे त्याच्या लक्षात येतं. तेवढं पुरे. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवून पाठ्यपुस्तक करू नका.

पान उलटण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वाया जाते ती हीच जागा.

पुस्तक छापताना एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना बरीच पानं एकदम छापतात. कागदाची एक घडी घातली की चार पानं, दोन घड्या आठ, तीन घड्या सोळा. म्हणून पानांची संख्या मनाला येईल तशी ठेवता येत नाही. लहान मुलांची पुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस अशा आकड्यांत येतात, त्याचं मूळ छापखान्यात आहे. बत्तिसातून मुखपृष्ठाआतली, नाव-गावाची पानं वजा केली की गोष्टीला जेमतेम बारा-तेरा जोडपानं उरतात. म्हणजे पान उलटण्याच्या बारा-तेरा संधी. ज्याला हे माध्यम कळतं तो लेखक त्या जपून वापरतो. उजव्या पानाच्या शेवटी तो वाक्य अर्धवट सोडतो: ‘आजोबांनी दार उघडलं, आणि...’

इथे थांबायचं असतं. दोन-तीन सेकंद नाही, चांगलं दहा सेकंद. पान बोटात धरून ठेवायचं. आपण मोठी माणसं वाचायच्या नादात ते सर्रकन उलटतो आणि लेखकानं मांडलेला डाव मोडून टाकतो. थांबलात की पोरं बोलायला लागतात. चादरवाल्या गोष्टीत एकजण म्हणेल पिल्लू झोपलं असेल, दुसरा म्हणेल चादर नालीत पडली असेल, तिसरी म्हणेल त्या पिल्लाला थंडी वाजत होती. तिसरीनं गोष्टीचं कारण शोधलं, आणि तिला ते कुणी विचारलंही नव्हतं.

मोबाईलवर गोष्टीचा व्हिडिओ लावला की ही जागाच नाहीशी होते. पान आपोआप उलटतं. आईनं जेवण होईपर्यंत लावला म्हणून आभाळ कोसळत नाही, मीही लावते. फक्त त्याला पुस्तक वाचलं म्हणू नये.

पान उलटण्याला दिशाही असते. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे चित्रात उजवीकडे तोंड करून चाललेला प्राणी ‘पुढे’ निघालेला वाटतो आणि डावीकडे वळलेला परत येणारा किंवा अडलेला. आपल्या पिल्लानं चादर उजव्या दारातून नेली ती उगाच नाही. ते आपल्याला पुढच्या पानावर ओढतंय. मला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. आमच्याकडे उर्दू शाळेत जाणारा पहिलीतला एक मुलगा येतो. उर्दू पुस्तक उघडतं आपल्या हिशेबानं ‘मागून’. शब्द नसलेलं एक पुस्तक त्यानं तसंच शेवटाकडून उघडलं. त्यात एका मुलाचा पतंग तुटून आभाळात जातो. यानं सांगितलेल्या गोष्टीत आभाळातून एक बेवारस पतंग हळूहळू खाली येतो आणि एका उदास मुलाच्या हातात पडतो. सगळी पोरं गप्प बसून ऐकत होती. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. एकेकाळी मी गोष्ट संपली की विचारायची, “मग, यातून काय शिकलो आपण?” एका रविवारी, ज्या गोष्टीत कुणी एक अक्षर खोटं बोललेलं नव्हतं ती ऐकून पाचही हात वर झाले आणि एका सुरात उत्तर आलं, “खोटं बोलू नये!” तात्पर्य हे पोरांच्या लेखी प्रसादासारखं असतं, शेवटी हात पुढे केला की मिळतं आणि कुठल्याही देवळात सारखंच लागतं. तेव्हापासून तो प्रश्न बंद.

त्याऐवजी काय करायचं याची एक साधी रीत आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आईवडिलांना दोन-तीन वर्षांच्या मुलांशी पुस्तक वाचताना कसं बोलावं ते शिकवलं आणि महिनाभर घरी तसं वाचायला सांगितलं. बाकीच्यांनी आपापल्या नेहमीच्या पद्धतीनं वाचलं. महिन्यानंतर पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे होती. पुस्तकं वाचली जात होती दोन्ही गटांत. फरक एवढाच होता की एका गटात बोलण्याचं काम हळूहळू मुलाकडे सरकवलं जात होतं.

ते सरकवणं प्रत्यक्षात असं दिसतं. तुम्ही चित्रावर बोट ठेवून विचारता, “हे काय चाललंय?” पोरगं म्हणतं, “भूभू.” तुम्ही म्हणता, “हो, भूभू. भूभू चादर ओढतोय.” पोरगं म्हणतं, “भूभू चादल ओढतोय.” झालं. त्याच्या एका शब्दाला तुम्ही दोन जोडून परत दिले आणि त्यानं ते उचलले. ‘हा कोण?’, ‘हा कुठला रंग?’ या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असतं, ते आलं की संवाद संपतो. ‘हे काय चाललंय?’, ‘हा असा का बघतोय?’ यांना चार उत्तरं असतात. शिवाय दर पानावर प्रश्न विचारायचाच असं नाही. परीक्षेचा वास आला की पोरं उठून जातात.

आणि तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर? वाचा. कंटाळा तुम्हाला आलाय, त्याला नाही. तीन वर्षांच्या मुलांवरचा २०११ सालचा एक अभ्यास आहे. काही मुलांना नवे शब्द असलेल्या त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले. शब्द कानावर पडले सारख्याच वेळा. लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पुढे काय होणार हे माहीत असलं की डोकं मोकळं होतं आणि बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष जातं. आपणही आवडता सिनेमा पाचव्यांदा बघताना मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघतोच की.

अगदी तान्ह्या बाळासाठी मात्र यातलं काही लागू नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तितकं. त्याला ठळक काळं-पांढरं चित्र दाखवा, पुठ्ठ्याची जाड पानं चघळू द्या. पुस्तक चावणं हेही त्या वयाचं वाचनच.

सोलापूरची एक अडचण आहे आणि तीच सोय आहे. आमच्या चादरीवर बसणाऱ्या दहा पोरांत घरी तेलुगू बोलणारी तीन, कन्नड दोन, उर्दू एक, उरलेली मराठी, आणि सगळ्यांची मिळून आणखी एक सोलापुरी. अशा वेळी शब्दांविना पुस्तकासारखं दुसरं काही नाही. ज्याला ज्या भाषेत दिसलं त्यानं त्या भाषेत सांगावं. एक छोटी मुलगी मराठी शाळेत तोंड उघडत नाही, असं तिची आई सांगायची. तिनं अख्खं पुस्तक तेलुगूत सांगितलं आणि शेजारच्या मुलानं, न विचारता, ते मराठीत करून दिलं. अर्धं चुकीचं केलं. ती चिडून मराठीत म्हणाली, “तसं नाय म्हटले मी!”

छापील द्विभाषी पुस्तकं मिळतात, पण त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग सांगते. बेंगळुरूच्या प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत, आणि परवाना खुला असल्यानं ती छापून घेता येतात, आपल्या भाषेत आणताही येतात. एकच गोष्ट मराठीत आणि तेलुगूत छापून शेजारी ठेवली की आजी एक वाचते, नात दुसरी. कागदी पुस्तकं हवीत तर नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं अजूनही परवडतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या आपल्या जुन्या वाचनालयात मुलांसाठी काय आहे ते एकदा मुलाला बरोबर घेऊन जाऊन विचारा. निवड त्याला करू द्या, भले तो फक्त ट्रकची पुस्तकं उचलेल. आणि एक बारकावा: दहा पोरांना एकदम दाखवायचं पुस्तक असेल तर लांबून ओळखू येतील अशा मोठ्या, ठसठशीत आकृत्यांचं घ्या. आपल्याच पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेननी मुंबईत उमेदवारीच्या काळात सिनेमाची पोस्टरं रंगवली, खेळण्यांचं डिझाइनही केलं. लांबून वाचता येणारी आकृती काय असते ते त्यांच्या घोड्यांकडे बघून कळतं. नाजूक, बारीक कामाची पुस्तकं मांडीवरच्या एका मुलासाठी राखून ठेवा.

आता हातानं करायच्या गोष्टी. इथे माझी फजिती आधी सांगते. सुरुवातीला मी गोष्ट झाली की सगळ्यांना कुत्र्याच्या पिल्लाचा छापील आकार द्यायची. कापा, तपकिरी रंगवा, कापूस चिकटवा. तासाभरात दहा एकसारखी पिल्लं तयार. आया खूश, फोटो छान. पण एकाही पोराला पुढच्या रविवारी आपलं पिल्लू कुठलं ते ओळखता आलं नाही. चित्रपुस्तकानं मुलासाठी जागा सोडली होती आणि मी कात्रीनं ती बुजवून टाकली. तेव्हापासून कृती निवडताना मी एवढंच बघते की पुस्तकानं काय सांगायचं ठेवलंय, आणि ते हातानं सांगता येईल का.

सगळ्यात सोपी कृती बिनखर्चाची. कागदाच्या पट्टीनं ओळी झाका आणि आधी चित्र ‘वाचा’. मग पट्टी काढून लेखकानं काय लिहिलंय ते बघा. पोरांना आपलंच जास्त आवडतं, आणि कधी कधी ते खरंच जास्त चांगलं असतं. दुसरी, गोष्ट पिल्लाकडून सांगणं. आजोबांची चादर हरवली, पण पिल्लाला काय सापडलं? एवढं विचारलं की पुरतं.

मोठ्या मुलांना, म्हणजे सहा-सातच्या पुढे, त्रिकोण आणि गोल कापून द्या. चेहरे नाहीत, डोळे नाहीत, फक्त रंगीत आकार. लाल त्रिकोण म्हणजे मुलगी, काळे टोकदार उंच त्रिकोण म्हणजे जंगल. आता मुलगी घाबरलीय असं दाखवायचं. पोरं लाल त्रिकोण लहान करतात, कोपऱ्यात नेतात, काळे वाकडे करून त्याच्यावर झुकवतात. वाकडी रेष अस्थिर का वाटते, खालचा कोपरा एकाकी का वाटतो, हे कुणी न शिकवता त्यांच्या हाताला कळतं. मॉली बँग या अमेरिकन चित्रकर्तीनं नेमक्या याच विषयावर १९९१ साली अख्खं पुस्तक लिहिलं. लग्नपत्रिकांचे रंगीत कागद या कामाला फार छान, आणि सोलापुरात त्यांचा तुटवडा कधीच नसतो.

माझी सगळ्यात आवडती कृती चादरीची. आपण त्या चादरीवर बसतो, पण तिच्यावरचा मोर आला कुठून?

जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणायची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. प्रत्येक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. त्या ठिकाणी कुठला धागा वर राहणार, तेवढंच रंग सांगतो. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथे मागाची सुई आरपार जाते, धाग्याचा हुक जागेवर राहतो आणि तो उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच. ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि आता बऱ्याच ठिकाणी पट्ट्यांऐवजी संगणक तेच काम करतो. मोर काय, कमळ काय, सगळं शेवटी ‘आहे’ किंवा ‘नाही’.

मुलांना गणिताची चौकटीची वही द्या. वीस बाय वीस चौकटी आखून घ्या. नियम एकच: चौकट पूर्ण रंगवायची किंवा पूर्ण सोडायची. अर्धी चालणार नाही. सरळ रेष सहज होते, तिरकी रेष पायऱ्या होते, आणि गोल काढताना रडू येतं. “काकू, वाकडंच होतंय!” मग घरातली चादर जवळून बघायला सांगायचं. मोराच्या मानेलाही पायऱ्याच असतात, लांबून त्या दिसत नाहीत. पुढच्या वेळी पोरं वही भिंतीला टेकवून पाच पावलं मागं जाऊन बघू लागली, हे मी शिकवलेलं नव्हतं. शेवटची गंमत: बऱ्याच सोलापुरी चादरी उलट्या केल्या की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. म्हणून वहीच्या समोरच्या पानावर तीच नक्षी उलटी करायची, भरलेली ती मोकळी, मोकळी ती भरलेली. ज्या वडिलांनी बारा ओळींचा हिशेब केला होता, त्यांनी लेकीची वही बघून खिशातलं पेन काढलं आणि दोन चौकटी दुरुस्त केल्या. “इथं धागा लोंबेल,” म्हणाले. लांब मोकळा धागा मागे लटकत राहिला तर अडकून तुटतो, म्हणून नक्षीत मध्ये मध्ये बांधणी हवी. हे मला त्या दिवशी कळलं.

रंग विकतचेच हवेत असंही नाही. हळद पाण्यात कालवली की पिवळा, त्यात पानाचा चुना चिमूटभर टाकला की डोळ्यांदेखत लाल. पोरं हे दहा वेळा करून बघतात आणि कपडे खराब होतात. चुना लहानांच्या हाती मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट. तो आपण टाकायचा.

मग स्वतःचं पुस्तक. एका कागदाचं आठ पानी पुस्तक असं होतं: कागद लांबीत अर्धा दुमडून उघडा. मग रुंदीत दोनदा दुमडून पुन्हा उघडा. आठ चौकोन दिसतील. आता फक्त आखूड कडा एकमेकींवर येतील असा अर्धा दुमडा आणि घडीच्या बाजूनं, मधल्या रेषेवर, एका चौकोनाच्या लांबीएवढीच चीर द्या. कागद उघडला की मधोमध चीर दिसते. लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडून अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो, तो एका बाजूला मिटवला की पुस्तक. गोंद नाही, टाचणी नाही. पहिलं पान नावाचं, शेवटचं मागचं, गोष्टीला सहा. माझा आग्रह एवढाच की एका पानावर तीनपेक्षा जास्त शब्द नाहीत. ज्यांना लिहिता येतं त्यांना हे फार जड जातं, कारण शाळेत ओळी मोजून गुण मिळतात. ज्यांना येत नाही ते सांगतात आणि मी लिहिते, त्यांच्या शब्दांत, न सुधारता.

पुस्तकाचा आकारही गोष्टीतूनच येतो, हे आम्हाला गड्ड्याच्या यात्रेनं शिकवलं. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा झाली की पुढचे तीन रविवार दुसरा विषय नसतो. एका मुलानं आडव्या कागदावर नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतली उंच सजवलेली काठी, काढायला घेतला. ती कागदात मावेना. त्यानं वर आणखी एक कागद चिकटवला, मग आणखी एक. तीन कागदांचा उंच नंदीध्वज आणि खाली बोटाएवढी माणसं. उंच गोष्टीला उभं पान आणि लांब गोष्टीला आडवं, हे चित्रपुस्तकं काढणारे ठरवूनच करतात. मग मिरवणुकीसाठी आम्ही घडीचं पुस्तक केलं. कागदाच्या लांब पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या आणि पंख्यासारख्या मागेपुढे घड्या घालायच्या. उघडलं की मिरवणूक, मिटलं की खिशात.

सातही नंदीध्वज त्यात आहेत, तळं आहे, पाळणे आहेत, फुगेवाला आहे, आणि कडेला एक कुत्र्याचं पिल्लू चादर ओढत चाललंय, ते कुणी काढलं ते अजून कुणी कबूल करत नाही. शेवटच्या दोन घड्या कोऱ्या आहेत. मी म्हटलं, पूर्ण करा की रे. तर नंदीध्वजवाला म्हणाला, “थांबा की काकू, पुढच्या यात्रेला काय होतंय बघून काढू.”